हौदाबाहेरचा रंग

माझे धाकटे दीर रंगारी. सगळं आयुष्य कापड रंगवण्याच्या कारखान्यात, उकळत्या हौदांवर वाकून गेलं. लग्न केलं नाही, राहायला आमच्याकडेच. माणूस लाखात एक, पण गलिच्छपणाही लाखात एक. हिरवी शिंक, पिवळी थुंकी, जांभळा घाम. उशीचा अभ्रा तर बघवत नाही. आणि कारखान्यात याचंच कौतुक! एक थुंकला की दुसऱ्याने रंगावरून हौद ओळखायचा आणि सगळ्यांनी खो खो हसायचं. सगळ्यात मोठ्याने हसणार ते भाऊजींचे म्हातारे मिस्तरी. शी!

त्यामुळे संडासात लाल दिसलं तेव्हा मला आधी किळसच आली. लघवी करून बादलीभर पाणी ओतायलाही भाऊजींचे हात झिजतात.

"भाऊजी, हे काय?"

"लाल हौद चालू आहे, वहिनी. रंगाऱ्याच्या पोटात दुसरं काय असणार?"

मी नाक दाबून घासत राहिले. मग एकदा जेवताना त्यांच्या हातांकडे लक्ष गेलं. कोपरापर्यंत निळे! लाल हौद कधीच बंद झाला होता, आणि संडास त्या सकाळीही लालच होता. माझा घास तोंडातच फिरला.

"डॉक्टरकडे चला."

"दुखत नाही, खुपत नाही. जुना रंग मुरलाय, तो निघतोय."

समजावून माझंच तोंड दुखलं. रंग पक्का की कच्चा हे बघायला कारखान्यात पांढरी चिंधी हौदात बुडवून वाळवतात. "तुमचा रंग तुम्हीच ओळखा," म्हणत मी तशीच चिंधी त्यांच्या लघवीच्या बाटलीत बुडवायला लावली आणि दोरीवर टांगली, माझ्या धुतलेल्या चादरींशेजारी.

संध्याकाळी त्यांनी ती खिडकीशी नेली. लाल उरलाच नव्हता. चिंधी गंजल्यासारखी तपकिरी झाली होती. त्यांनी अंगठ्याने घासून पाहिली, वाससुद्धा घेतला. चेहरा खर्रकन उतरला.

"हा आमच्या कुठल्याच हौदातला नाही."

"मग उठा आता."

ते उठेनात.

"वहिनी, मिस्तरींनाही लालच होते. वर्ष झालं. आम्ही दोघं हसायचो."

मी ती घाणेरडी चिंधी त्यांच्या हातातून घेतली, मुठीत धरली आणि चपला शोधू लागले.

"त्यांच्या घरावरून जाऊ, त्यांनाही डॉक्टरकडे नेऊ," मी म्हटलं.