आमच्या संग्रहालयातले दारुडे

रोज दारुड्यांच्या संगतीत बसलं की किस्से आपोआप जमतात. माझे दारुडे मात्र कागदावरचे! म्युनिकच्या एका संग्रहालयात मी जुनी चित्रं दुरुस्त करायचे. २०१३-१४ च्या सुमारास आमच्याकडे अठराव्या शतकातल्या इंग्रजी व्यंगचित्रांचं प्रदर्शन होतं. सगळी दारूबाजांची. कुणी टेबलाखाली, तर कुणाचा केसांचा टोप दारूच्या भांड्यात!

उद्घाटनाला आमच्या बॉस फ्राऊ हुबरनी फक्त सफरचंदाचा रस ठेवला. पाहुणे कुरकुरले, तर म्हणाल्या, "भिंतीवरचे प्यायलेत, तेवढं पुरे!"

आमचा गार्ड झेप्प, अस्सल बवेरियन. एका चित्रापुढे लालबुंद होऊन उभा. मला वाटलं, लोळणारी माणसं बघून बिचाऱ्याला वाईट वाटलं.

"पडलेत ते पडू देत हो! पण हा बिअरचा मग बघा, अर्धा फेसच! सरळ सरळ फ्रॉड!"

एक आजीबाई नवऱ्याला म्हणाल्या, "हा लाल नाकवाला हुबेहूब तू!" आजोबांनी चष्मा पुसला, वाकून नीट पाहिलं.

"नाक माझं नाही. पोट असू शकेल."

मग माझ्या मुलीच्याच वर्गाची सहल आली. टीचरनी विचारलं, "यातून आपण काय शिकलो?"

आमच्या लेकीचा हात पहिला वर! "खुर्च्या मजबूत हव्यात!"

टीचरनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं.

त्याच आठवड्यात सासरे नागपूरहून आले. आयुष्यभर वस्त्यांमध्ये दारूबंदीचं काम केलेला माणूस! मला धास्ती, फ्राऊ हुबरसमोर भाषण ठोकतील. पण बाबा एकाच चित्रापुढे पंधरा मिनिटं वाकून उभे. मग म्हणाले, "अगं, ही बाई इथे काय करून राहिली?"

मी वाकले. मागच्या अंधाऱ्या दारात खरंच एक बाई होती, नखाएवढी. ते चित्र मी स्वतः साफ केलं होतं!

फ्राऊ हुबर भिंग घेऊन धावत आल्या. त्यांच्या यादीत कित्येक वर्षं 'नऊ पुरुष' एवढीच नोंद होती. त्यांनी पेन्सिल काढली. "यांना विचार, ही काय करतेय म्हणून लिहू?"

मी विचारलं.

"वाट पाहतेय म्हणावं. आत नाही यायची ती."

"गेनाऊ, अगदी बरोबर," फ्राऊ हुबर लिहिता लिहिता म्हणाल्या. "पण आम्हाला कुणालाच दिसली नाही, यांना कशी दिसली?"

तेही मी मराठीत विचारलं. बाबांनी भिंगातून पुन्हा एकदा तिच्याकडे पाहिलं.

"लहानपणी अशाच दारात तिचा हात धरून उभा असायचो ना मी."