मास्तरच्या खिडकीची काच

लढाई सुरू झाली आणि फुटक्याला मान वर करायला फुरसत मिळेना. काचा बसवणं हा त्याचा धंदा, म्हणून गल्लीने हे नाव ठेवलेलं. धमाके शहराच्या कडेला होत, पण हादऱ्याने खिडक्या इथल्या जात. लोकांच्या नुकसानीवर आपलं पोट भरतंय याची त्याला लाज वाटे. तरी काम कोण सोडतो?

समोर त्याचा शाळेपासूनचा मित्र राहायचा. तो शिंपी, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. एकमेकांना चार शिव्या घातल्याशिवाय दोघांचा दिवस जात नसे. दुसऱ्या महिन्यात मास्तरची खिडकी फुटली.

"गुमान फळी ठोकून घे," फुटक्या म्हणाला.

"आणि सुईत दोरा तुझा बाप ओवणार? वीज दिवसाला दोन तास. काच बसव."

मास्तर हट्टाला पेटला की संपलंच. फुटक्याने जाड काच बसवली. तिला आतून पारदर्शक फिल्म चिकटवायची होती. फिल्म असली की फुटलेली काच जागच्या जागी लटकते, अंगावर उडत नाही. पण फिल्म संपली होती. "उद्या लावून जातो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या अकरा खिडक्या आल्या, मग शाळेच्या. मास्तर काय, घरचाच माणूस, थांबेल, असं म्हणत त्याने ते काम मागे टाकलं. चौथ्या दिवशी दुपारी धमाका जवळ झाला आणि मास्तरचे दोन्ही डोळे गेले.

पंधरा दिवस फुटक्या तोंड चुकवत राहिला. शेवटी, आज सांगून टाकायचंच, असं ठरवून गेला. आत शेजारी जमले होते.

"फुटक्या का? ये," मास्तरने पावलांवरून ओळखलं. "बघा, हा नसता तर मी नसतो. मी कपडे पोचवायला गेलो तेव्हा हा गुपचूप फिल्म लावून गेला असणार. म्हणून डोळ्यांवर निभावलं, नाहीतर गळाच कापला असता."

फुटक्या पुढे झाला. "मास्तर, ते फिल्मचं..."

"गप रे! मेल्याला चांगलं म्हटलेलं सोसत नाही." सगळे हसले.

वहिनी चहा करायला उठल्या. तो मागोमाग स्वयंपाकघरात गेला.

"वहिनी, मला..."

"काही सांगू नका, भावजी." त्यांच्या बोटांवरच्या जखमांवर अजून खपल्या होत्या. "काचा मीच उचलल्यात. एकेक तुकडा सुटा होता. फिल्मचा कपटाही नव्हता."

वहिनींनी चहाचं आधण ठेवलं.

"त्यांना कळता कामा नये. मित्राने जीव वाचवला, एवढ्या एका गोष्टीवर दिवस ढकलतायत ते. तेवढं काढून घेऊ नका."

"आणि तुम्ही?"

वहिनींनी कप त्याच्यापुढे सरकवला. "रोज येत जा. त्यांच्याशी बोलत बसा. माझ्याशी बोलायची गरज नाही."

बाहेरून मास्तरने हाक मारली. फुटक्या चहा घेऊन गेला आणि त्याच्या शेजारी बसला.