दिगंबररावांनी शोधलेला फॉल्ट

सांगलीच्या टेलिफोन खात्यात दिगंबररावांनी पस्तीस वर्षं फॉल्ट शोधले. लाइन बंद पडली की लोक आधी खात्याचा उद्धार करत आणि मग दिगंबररावांना बोलावत. ते खांबावर चढायच्या आधी अर्धा तास नुसते प्रश्न विचारत. कधीपासून बंद, पावसात जास्त खरखरतं का, घरात रंगकाम काढलं होतं का. उगाच घाईनं तार तोडणाऱ्या लाइनमनचा त्यांना मनस्वी राग येई.

पत्नी गेल्यावर लेकीनं, शैलानं, त्यांना अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायला आणलं त्याला आता दीड वर्ष झालं होतं. लेक आणि जावई अमित दोघंही मोटारींच्या कंपन्यांत इंजिनिअर. आठला घर रिकामं होई ते पाचला भरे. घर उबदार होतं, लेक जीव लावत होती, जावई तर शोधून सापडणार नाही असा. अशा माणसाला तक्रार करायची सोय नसते. दुपारी एकटे बसून दिगंबरराव फोनवर सांगलीतली भाड्याची घरं बघत. दोन खोल्या, विश्रामबागेच्या आसपास. परत जायचं, पण हे लेकीला सांगायचं कुठल्या तोंडानं, ते त्यांना सुचत नव्हतं.

त्यात अमितरावांनी घरच्या वाय-फायवर पहारा ठेवणारं एक ॲप घेतलं. पहिल्याच आठवड्यात जेवताना ते कौतुकानं म्हणाले की, बाबांच्या फोननं आज तीन तास नेट वापरलं. आपण कुठली घरं बघतो तेही त्यात दिसत असणार, अशी दिगंबररावांना धास्ती वाटली. ॲपला फक्त तास दिसत होते, पाहिलेलं काही दिसत नव्हतं, पण हे त्यांना कोण सांगणार? दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एक युक्ती काढली. जेवण झालं की फोनमधून घरचं वाय-फाय पुसूनच टाकायचं, घरं बघायची ती मोबाइलच्या डेटावर, आणि साडेचारला पासवर्ड टाकून पुन्हा घरच्या जाळ्यात यायचं. सोळा अक्षरांचा तो पासवर्ड अख्ख्या घरात फक्त त्यांना तोंडपाठ होता.

आणि त्याच आठवड्यापासून ॲप बोंबलायला लागलं. नवं अनोळखी डिव्हाइस घरात आलंय. रोज एक. महिन्याभरात यादीत वीस अनोळखी पाहुणे जमले. अमितरावांनी पासवर्ड बदलला. दिगंबररावांनी नवाही पाठ केला. सूचना चालूच राहिल्या. मग अमितरावांनी सरळ हिशेब मांडला, की ज्याअर्थी पासवर्ड बदलूनही कोणीतरी शिरतंय, त्याअर्थी घरातलंच कोणीतरी तो बाहेर देतंय. आणि घरात बाहेरचा असा एकच होता, अंकुर.

अंकुर शैलाच्या मैत्रिणीचा भाऊ. जवळच्या ॲन आर्बरच्या विद्यापीठात पीएचडी करत होता आणि यांच्या तळघरातल्या खोलीत राहत होता. सूचना सुरू झाल्या त्याच्या जरा आधीच तो आला होता, हेही त्याच्या विरोधात गेलं. अमितरावांनी त्याला आडून विचारलं, त्यानं नाही म्हटलं. तेव्हा त्यांनी त्याला गोड शब्दांत सांगितलं, की महिनाअखेर दुसरी खोली बघ. जानेवारीचा महिना, बाहेर गुडघाभर बर्फ, आणि ॲन आर्बरमध्ये शैक्षणिक वर्षाच्या मध्यात खोली मिळणं म्हणजे देवच पावायला हवा.  रात्रीच्या जेवणाला वर येणं पोरानं बंद केलं.

दिगंबररावांना हे लागलं. रोज संध्याकाळी अंकुर त्यांच्याशी अर्धा तास बोलत बसे, तेही त्यांची कीव न करता. शिवाय तपास न करता तार तोडलेली त्यांना आयुष्यात खपली नव्हती. शुक्रवारी घर रिकामं झाल्यावर त्यांनी स्वयंपाकघरातला टॅबलेट पुढ्यात घेतला, कारण सूचना त्याच्यावरही येत, आणि वारवेळ कागदावर उतरवून काढली. शनिवार-रविवारी एकही सूचना नव्हती. अंकुर तर ते दोन दिवस घरातच असे! बाकीच्या दिवशी मात्र दुपारचे साडेचार, पाच मिनिटं इकडे तिकडे.

कागदावरून फिरणारं त्यांचं बोट साडेचारवर येऊन थांबलं. शनिवार-रविवारी लेक घरी असे, म्हणून ते घरं बघत नसत.

त्यांनी फोन काढला, वाय-फाय पुसलं, पासवर्ड टाकला. टॅबलेट वाजला. पुन्हा पुसलं, पुन्हा टाकला. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा करून बघायची गरज नव्हती, तरी त्यांनी केलं.

अंकुर आल्यावर त्यांनी तळघरात जाऊन त्यालाच कारण विचारलं. त्यानं फोन बघितला आणि समजावलं, की प्रत्येक यंत्राला एक पत्ता असतो, आणि हा फोन ओळख लपवावी म्हणून वाय-फाय पुसून पुन्हा जोडलं की दर वेळी नवा पत्ता देतो. पत्ता बदलायचं ते बटण बंद केलं की झालं. मग तो जरा थांबला. "काका, अमितदादाला सांगू नका. मी खोली बघतोच आहे," तो म्हणाला. "तुम्ही रोज वाय-फाय का काढता, असं तो विचारेल."

म्हणजे आपण काहीतरी लपवतोय, हे पोराच्या लक्षात आलं होतं. दिगंबररावांना त्या क्षणी स्वतःची इतकी लाज वाटली, की ते तडक वर गेले.

जेवणाच्या टेबलावर त्यांनी तो कागद अमितरावांपुढे ठेवला आणि फॉल्ट कुठे होता ते सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. "अंकुरचा काही संबंध नाही. रोज नवा होऊन शिरणारा तो फोन माझा."

अमितरावांनी कागद दोनदा वाचला. मग उठले आणि जिना उतरून तळघरात गेले. खालून त्यांचा "सॉरी यार" एवढाच ओशाळलेला आवाज वर आला.

शैला मात्र जागची हलली नाही. "पण बाबा, वाय-फाय काढायचात कशाला?"

दिगंबररावांनी फोनवर सांगलीतली ती घरं उघडली. आणि फोनच तिच्यापुढे सरकवला. तिनं पहिलं घर बघितलं, दुसरं बघितलं. फोटो मोठे करून करून बघत राहिली. डोळे पुसले, तरी बघत राहिली. आपलं काय चुकलं, असं ती आता विचारणार, याच प्रश्नाला ते सहा महिने भीत होते.

"हे विश्रामबागचं चांगलं आहे," ती म्हणाली. "पण तिसरा मजला आहे, बाबा. लिफ्ट आहे का, ते विचारलंत?"