आकड्यात न मावलेले डाव

लातूरला लेकीची शिकवणी सुटेपर्यंत मी समोरच्या बाकावर बसायची. तिथे एक म्हातारे शिंपी चाचा जुन्या टॅबवर जगभरातल्या लोकांशी बुद्धिबळ खेळत. प्यादं सरकवण्याआधी दाढी कुरवाळायचे.

एके दिवशी डाव उघडेचना. "टॅब मेला वाटतं," ते हिरमुसले.

मी बुद्धिबळाचं अ‍ॅप चालवणाऱ्या कंपनीची सूचना वाचून दाखवली. प्रत्येक डावाला क्रमांक असतो. आजवर जगभरात मिळून इतके डाव झाले, की पुढचा क्रमांक जुन्या टॅबमध्ये मावत नव्हता. दुरुस्ती चालू होती.

चाचा ताठ बसले. "त्यात माझेबी डाव हायत की!"

बंद पडलेली वस्तू इतक्या अभिमानाने मिरवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. दुरुस्ती होईपर्यंत ते येणाऱ्याजाणाऱ्याला टॅब दाखवत, "दुनियेचा आकडा फुटला, त्यात आमचाबी हात हाय."