सकुबाईची हुशार पोरं

डोळखांबच्या वरच्या अंगाला आमचा पाडा आहे. तिथली अंगणवाडीसेविका सकुबाई. बाई कामाची पक्की, पण धाकट्या जावेचं नाव निघालं की तिच्या पोटात दुखायला लागतं. ही जाऊ, रंजिता, खालच्या पाड्यातली सेविका. सकुबाई दहावी, तर रंजिता बारावी. सकुबाईच्या अंगणवाडीचे पत्रे गळतात आणि रंजिताच्या अंगणवाडीला नवी फरशी. बैठकीत रंजिताचं कौतुक झालं की दुसऱ्या दिवशी इथे खिचडीचा टोप आपटला जातो. माझा पहिलीचा वर्ग शेजारच्याच खोलीत भरतो, तेव्हा न ऐकून जातो कुठे?

तरी एक म्हणेन, पोरं जमवायला दारोदार फिरणारी बाई अशी दुसरी नाही. बाळी नावाची चार वर्षांची पोर तर ती रोज कडेवरच आणते. बाळीचे आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, पोर आजीकडे राहते. तिला बोलणं असं फुटलेलंच नाही. बोट दाखवते, मान हलवते, झालं.

गेल्या वर्षी विद्यापीठाच्या मानव विकास विभागातून मनस्वी मॅडम आल्या. पोरांना शब्द किती कळतात, ते तपासायचं होतं. ज्या पाड्यातली पोरं मागे, तिथे वर्षभर रोज एक शिकलेली ताई येऊन पोरांशी खेळणार, बोलणार, आणि त्याचा उपयोग होतो का ते विद्यापीठ पाहणार. मॅडमनी दोघी जावांना हे नीट समजावलं होतं. पण आमच्याकडे बाहेरचं माणूस तपासायला आलं की पोरं चमकली पाहिजेत, एवढंच सगळ्यांना माहीत. साहेब येणार म्हटल्यावर मीही पाढे घोकून घेतोच की!

मॅडम आधी खालच्या पाड्यात गेल्या. सकुबाईला कुठला धीर निघतो? शेवग्याच्या शेंगा द्यायचं निमित्त करून ती खाली उतरली आणि खिडकीला नाक लावून उभी राहिली.

परत आली ती फणफणतच. "चटईवर मांडीला मांडी लावून चाय पितात दोघी! मॅडम काय हसतंय, ती काय हसतंय! माझ्याकडं कुणी येऊन बसलंय कधी, गुरुजी?"

मॅडमच्या हातातला चित्रांचा तक्ता मात्र तिने डोळ्यांत भरून आणला होता. दुसऱ्या दिवसापासून इथल्या जमिनीवर खडूने तीच चित्रं, त्याच जागी निघाली. छत्री कुठंय? इथं. बैल कुठंय? तिथं. बाळीचं बोट धरून तिने तर शंभरदा फिरवलं असेल. "रंजीची पोरं बघत राहतील," असं म्हणताना तिचा चेहरा काय फुलायचा!

मॅडम आल्या, पोरांनी धडाधड बोटं ठेवली. पुढच्या भेटीत मॅडमनी दोघींना माझ्याच वर्गात बोलावलं.

"सकुबाई, तुमची मुलं फारच पुढे आहेत."

सकुबाईने जावेकडे असं पाहिलं की मलाच लाज वाटली.

"म्हणून ताई खालच्या पाड्यात येईल," मॅडम म्हणाल्या.

"आन् आमची बाळी?"

"बाळी तर सगळ्यांत पुढे!"

सकुबाईचा चेहरा उतरला. आता तोंड उघडावं तर जावेसमोर नाक कापलं जाणार, न उघडावं तर ताई रंजिताची. मनातल्या मनात चाललेली तिची जळफळ मला दिसत होती. मग ती एकदम उसळलीच.

"खोटं हाय सगळं! मी घोकून घेतलंय पोरांकडून. माझ्या पोरांना काय येत नाय. हिच्या पोरांपरीस माझी मागं हायत, लय मागं!"

मॅडम रागावल्या नाहीत. "बरं झालं सांगितलंत," म्हणाल्या आणि पिशवीतून दुसरा तक्ता काढला. चित्रं तीच होती, जागा बदललेल्या. बाळीला समोर बसवलं.

"बाळी, छत्री कुठे आहे?"

बाळीने झटकन बोट ठेवलं, जिथे पूर्वी छत्री होती तिथे. आता तिथे बैल होता. बोट तसंच ठेवून ती शाबासकीसाठी सकुबाईकडे बघून हसली.

रंजिताला राहवलं नाही. "तिकडं गो बाळी, त्या कोपऱ्यात," ती हळूच म्हणाली.

"गप बस तू!" सकुबाई ओरडली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "नको सांगू तिला. नाय येत तिला. नाय येत, असंच लिहा मॅडम."

मॅडमनी तसंच लिहिलं.