झगलूल मास्तरांना स्वतःच्या घरात खोली हवी

११ नोव्हेंबर १९९४, अलेक्झांड्रिया. आज घरमालक झगलूल मास्तर वरच्या इन्साफबाईंना मागणी घालायला आले.

भूगोल शिकवून निवृत्त झाल्यावर मास्तरांनी सगळी शिल्लक घालून ही इमारत भाडेकरूंसकट घेतली. जुन्या भाडेकरूला कायद्याने हलवता येत नाही, म्हणून ते स्वतः बहिणीच्या गच्चीवर कबुतरांशेजारी राहतात. आता मेहुण्याने तीही जागा मागितली आहे.

"तुम्हाला मी हवी, की समुद्राकडची खोली?" विधवा इन्साफबाईंनी माझ्यादेखत विचारलं.

"खोटं कशाला बोलू बाई? खोली. पण मी घोरत नाही."

"नवऱ्याला मी भाडं देणार नाही हं."

"नका देऊ."

"आणि न्हाणीघराचं छत गळतं, ते?"

"दुरुस्त करतो."

"मालक म्हणून की नवरा म्हणून?"

मास्तरांनी खरंच विचार केला. "मालक म्हणून दोन वर्षांत जमलं नाही. तेव्हा नवरा म्हणूनच."

"मग या," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी मास्तरांच्या कपड्यांसाठी बाईंनी एक कपाट रिकामं केलं. त्यातल्या लिंबाच्या लोणच्याच्या चार बरण्या माझ्या स्वयंपाकघरात ठेवल्या आहेत.