कुंपणापलीकडची खबर

लंडनच्या पिनर उपनगरात आमचं आणि माझ्या दिरांचं घर भिंतीला भिंत लागून होतं. मागच्या बागेतलं कुंपण त्यांनी वीतभर आमच्याकडे सरकवलं आणि दोघा सख्ख्या भावांचं बोलणंच तुटलं. सासूबाई दिरांकडे राहायच्या. "तो माफी मागेपर्यंत त्या दारात पाऊल ठेवणार नाही," असं ह्यांनी जाहीर केलं खरं, पण आई कशी आहे ते कळल्याशिवाय ह्यांना घास जात नसे.

आज नातवंडांना मी भोळी वाटते, पण तेव्हा मी स्वतःला केवढी मुत्सद्दी समजायचे! आमच्या नऊ वर्षांच्या लेकीला शाळेत प्राचीन चीनमधले राजे आणि त्यांचे हेर शिकवत होते. तिला म्हटलं, "तू आपली गुप्तहेर. चुलतभावाशी खेळायला जा आणि खबर आण." जावेची भाजी करपल्याची खबर आणली की चॉकलेट. जावेने नवा सोफा घेतल्याची आणली की धपाटा. आजीची खबर मात्र रोज एकच: "मजेत आहे. शिरा खाल्ला."

एका सकाळी दिरांच्या दारात अंडरटेकरची, प्रेत न्यायला येते ती काळी गाडी उभी राहिली.

ह्यांनी लेकीला विचारलं, "अगं, काल आजीने शिरा खाल्ला ना?"

"नाही बाबा. ती खूप दिवस काहीच खात नव्हती. तुला हाका मारायची."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मिस म्हणाली, वाईट न्यूज आणला की राजा स्पायला मारतो."

"मी मारलं असतं तुला?"

"तू नाही," माझ्याकडे बोट करून ती म्हणाली. "आई."